भेंडी बाजारचं काम कुठवर आलंय? (निरीक्षणं, फोटो, चौकशी)

डोंगरीकर (धागाकर्ता)

मंडळी, भेंडी बाजारच्या पुनर्विकासावर इथे सुटे प्रतिसाद बरेच पडतात, ते कधी म्हाडाच्या धाग्यावर, कधी खाऊगल्लीच्या. म्हटलं एकच धागा काढावा. मी मोहम्मद अली रोडच्या पूर्वेला राहतो, रोज तो रस्ता ओलांडून नळबाजारात जातो, त्यामुळे जे दिसतं ते इथे टाकत जाईन. तुम्हीही टाका.

नवीन वाचकांसाठी थोडक्यात. सैफी बुऱ्हाणी अपलिफ्टमेंट ट्रस्ट २००९ साली दाऊदी बोहरा समाजाचे ५२ वे दाई (धर्मप्रमुख) सय्यदना मोहम्मद बुऱ्हानुद्दीन यांनी स्थापन केला. साडेसोळा एकर जागा, त्यावर सुमारे २५० जुन्या इमारती, ३,२०० कुटुंबं आणि १,२५० दुकानं. हे सगळं पाडून मोठे रस्ते, खाली दुकानं आणि वर घरं असे मनोरे. खर्चाचा आकडा ४,००० कोटींच्या घरात सांगितला जातो. विकास नियमावलीतल्या ३३(९) कलमाखाली, म्हणजे आपण ज्याला ‘क्लस्टर’ (अख्ख्या वस्तीचा एकत्र पुनर्विकास) म्हणतो त्याखाली. पहिल्या टप्प्यातले अल इज्जचे दोन मनोरे उभे राहून लोक राहायलाही आले.

आता निरीक्षण. पत्र्याच्या कुंपणाला लागून एक जुनी चार मजली इमारत अजून उभी आहे. तिच्या जिन्यातल्या भिंतीला आडवी भेग आहे आणि त्या भेगेवर कोणीतरी काचेची बोटभर रुंद पट्टी सिमेंटने चिकटवून खाली पेन्सिलीने तारीख लिहिली आहे. दुसऱ्या मजल्यावरही तशीच एक. खालच्या चावीवाल्याला विचारलं तर म्हणाला, ‘इंजिनियर लोग लगाके गया, हाथ मत लगाना.’ ही काय भानगड आहे, जाणकारांनी सांगावं.

---

पुलावरचा_प्रवासी

रुमाल टाकून ठेवतो.

क्रॉफर्ड मार्केटकडून जे. जे. उड्डाणपुलावरून येताना बसच्या डाव्या खिडकीत बसलात तर अख्खा देखावा मिळतो. पूल जुन्या इमारतींच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यांना खेटून जातो, लोकांच्या दांडीवरचे कपडेसुद्धा ओळखीचे झालेत. मध्येच ती रांग तुटते आणि एकदम क्रेन दिसते. दुचाकीवाल्यांनो, तुम्हाला या पुलावर बंदी आहे, तुम्ही धाग्यावरच बघा.

---

सळई_सिमेंट

डोंगरीकर, ती काचेची पट्टी म्हणजे ‘टेल-टेल’. शेजारी खोल खोदकाम असलं की लावतात. काच ताणली जात नाही, त्यामुळे भिंत केसभर जरी सरकली तरी पट्टीला तडा जातो. तडा गेला की कळतं, भेग जुनीच आहे की चालू आहे. तारीख त्यासाठीच. आता उपकरणंही लावतात, पण काचेला बॅटरी लागत नाही. आणि चावीवाला बरोबर बोलला, हात लावू नका.

तिथे ती गरज का पडते तेही सांगतो. या जुन्या इमारतींचा सांगाडा बहुतेक लाकडी. सागाचे खांब, सागाच्या तुळया, मध्ये विटा. पाया उथळ. आणि एकमेकींना टेकून उभ्या आहेत, कित्येकींची मधली भिंत सामायिक. एक पाडली की शेजारचीचा टेका जातो. तिच्याच पायाशी तुम्ही तळघरासाठी खड्डा घ्यायला लागलात, तर आधी कडेने काँक्रीटचे पाइल, म्हणजे खोल खांब, ओळीने उतरवून माती धरून ठेवावी लागते. हे काम महिनोन्‌महिने चालतं आणि पुलावरून कोणालाच दिसत नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं काम बंद आहे.

दुसरं, पाडकाम. तिथे मोठं यंत्र सगळीकडे आत जात नाही, गल्लीच तेवढी नाही. वरून एकेक मजला घणाने उतरवतात. तुळया अख्ख्या काढतात, कारण जुन्या बर्मा सागाला आजही भाव आहे. जिन्याचे कठडे, दारं, खिडक्यांच्या चौकटी, सगळं वेगळं रचून ठेवलेलं दिसेल. ती रचाई दिसली म्हणजे खरोखर पाडकाम सुरू झालं. नुसता हिरवा कपडा लावला म्हणजे काही नाही.

---

गिरगावकर_काका

सगळं छान. पण हे असले धागे मी आमच्या चाळीच्या वेळीही काढले होते. आमचा विकासक (नाव घेत नाही, प्रकरण चालू आहे) पहिली दोन वर्षं भाडं वेळेवर द्यायचा. मग तीन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी, मग फोन उचलेना. जागेवर पाइलिंगचं यंत्र मात्र इमानेइतबारे उभं. दर रविवारी जाऊन बघायचो, यंत्र आहे का? आहे. म्हणजे काम चालू आहे! पावसाळ्यात खड्ड्याचं तळं झालं, त्यात पोरं पोहायला लागली, तेव्हा आमच्या लोकांचे डोळे उघडले.

म्हणून सांगतो, क्रेन बघून हुरळू नका.

---

पुलावरचा_प्रवासी

काका, इथे विकासक नफ्यासाठी उतरलेला नाही, ट्रस्ट आहे. तोच फरक आहे ना?

---

गिरगावकर_काका

फरक आहे, मान्य. पण भाडेकरू तोच, पागडी तीच, आणि ‘आधी चावी दाखवा मग खोली सोडतो’ हेही तेच. संस्था बदलली म्हणून माणसाची भीती बदलत नाही.

---

पागडीत_अडकलेली

पागडी नक्की कशी मोडीत काढली तिथे? आमच्या लालबागच्या घरी घरमालक म्हणतो जागा माझी, आम्ही म्हणतो तीन पिढ्या आमच्या. दोघंही खरं बोलतोय. 😀

---

सळई_सिमेंट

ताई, माझं क्षेत्र काँक्रीट, तरी जेवढं ठाऊक आहे तेवढं. पागडीत भाडं नाममात्र आणि खोली विकली तर मालकाला साधारण तिसरा हिस्सा. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने या व्यवहाराला कायदेशीर मान्यता दिली. भाडं इतकं कमी, की मालकाला दुरुस्ती परवडत नाही, आणि भाडेकरू म्हणतो मालक मी नाही. मग म्हाडाचं दुरुस्ती मंडळ टेकू लावतं. उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणारी) इमारत म्हणतात ती ही. १ सप्टेंबर १९४० पूर्वीची असेल तर ‘अ’ वर्गात.

भेंडी बाजारात ट्रस्टने इमारती मूळ मालकांकडून एकेक करून विकत घेतल्या, आणि भाडेकरूंना किमान ३५० चौरस फुटांचं मालकीचं घर कबूल केलं. म्हणजे मालक-भाडेकरू हा तिढा आधी सोडवला, मग कुदळ. २५० इमारती म्हणजे २५० मालक नव्हेत. एकेका इमारतीत भावाभावांचे हिस्से, कोणी कराचीत गेलेला, कोणाचा वारसदाखलाच नाही. हे कागद जुळवण्याची वर्षं कुठल्याच फोटोत येत नाहीत.

---

मिसळ_आणि_मसाला

ते दाऊदचं हॉटेल पण याच लोकांनी घेतलं ना? कोणीतरी खरं काय ते सांगा, व्हॉट्सॲपवर रोज वेगळी गोष्ट येते.

---

डोंगरीकर

गोष्ट सरळ आहे. पाकमोडिया स्ट्रीटवरचं रौनक अफरोज हॉटेल, शबनम गेस्ट हाउस आणि डांबरवाला बिल्डिंगमधल्या खोल्या सरकारने जप्त केल्या होत्या. १४ नोव्हेंबर २०१७ ला लिलाव झाला, तिन्ही मालमत्ता मिळून ट्रस्टने ११ कोटी ५८ लाखांना घेतल्या. पुढच्या वर्षी अमिना मॅन्शनचा लिलाव, ३ कोटी ५१ लाख. तेही ट्रस्टनेच घेतलं.

यात मला रस दाऊदमुळे नाही. ही घरं प्रकल्पाच्या हद्दीत होती. ती दुसऱ्या कोणी बोली लावून घेतली असती तर आराखड्याच्या मधोमध एक भोक राहिलं असतं. क्लस्टर म्हणजे ताटातला पापड नव्हे, एक तुकडा मोडून बाजूला ठेवला आणि बाकी खाल्लं. एक प्लॉट नाही मिळाला की रस्ता वळतो, तळघराची भिंत वळते, सगळं वळतं.

---

पुलावरचा_प्रवासी

+१. नव्या रस्त्याच्या तोंडाशी एकच जुनी इमारत उभी दिसली की तेव्हापासून माझं लक्ष तिच्याकडेच जातं.

---

कोकणकडा

हुसैनी बिल्डिंग विसरू नका रे कोणी.

३१ ऑगस्ट २०१७, सकाळची वेळ. दोन दिवस आधी, २९ तारखेला, मुंबई पाण्यात गेली होती. त्यानंतर ही पाकमोडिया स्ट्रीटवरची इमारत बसली. ३३ माणसं गेली. इमारत शंभरहून जास्त वर्षांची, म्हाडाने २०११ सालीच धोकादायक ठरवलेली, आणि याच क्लस्टरमधली. काही कुटुंबं आधीच हलली होती, काही राहिली होती. खाली बालवाडी भरायची, ती अजून उघडली नव्हती.

मी तेव्हा जे. जे. मध्ये नोकरीला होतो. त्या दिवशीचं इथे लिहीत नाही. पण ‘काम किती मजले झालं’ हे विचारताना ‘किती लोक अजून जुन्या जिन्याने चढतायत’ हेही विचारत जा.

---

गिरगावकर_काका

कोकणकडा, पूर्ण सहमत. आणि तिथेही दोष एकावर टाकता येत नाही. लोक का हलले नव्हते? संक्रमण शिबिरात गेलेला माणूस परत येतो यावर मुंबईत कोणाचा विश्वास राहिलाय? शिबिरात तिसरी पिढी जन्मलेली घरं मला माहीत आहेत.

---

तस्नीम_माझगाव_रिटर्न

इतके दिवस नुसती वाचत होते, आता लिहितेच. माझी शाळा मराठी होती, त्यामुळे चुकलं तर सांभाळून घ्या.

काका, आम्ही परत आलो. 🙂 मधली वर्षं माझगावला संक्रमणाच्या घरात होतो. सासूबाई दर शुक्रवारी रौदत ताहेराला (आमच्या सय्यदनांची कबर) यायच्या आणि येता-जाता कुंपणाच्या फटीतून बघून घरी येऊन सांगायच्या, आज खड्डा खोल झाला, आज सळया आल्या. आमचा ‘धागा’ तोच होता.

जुन्या घरी न्हाणीघर आत होतं, संडास गॅलरीच्या टोकाला, पूर्ण मजल्याला मिळून. पावसाळ्यात रात्री छत्री घेऊन जायचं. आता दार घरात. हे ज्यांनी भोगलं नाही त्यांना यात काय एवढं असं वाटेल, पण सासूबाईंना गुडघ्याचं दुखणं आहे, त्यांच्यासाठी प्रकल्प म्हणजे तेवढाच. बाकी मनोरे-बिनोरे तुमचं.

घर बघायला बोलावलं तेव्हा आमच्याकडच्या बायकांनी सगळ्यात आधी काय केलं सांगू? हॉलमध्ये जमिनीवर गोल बसून पाहिलं, थाळ मांडला तर आठ जणांना मांडी घालता येते का. येते. मग स्वयंपाकघर.

जे गेलं तेही सांगते. जुन्या खिडकीतून दोरीला टोपली सोडायची, खाली भाजीवाला भरायचा, पैसे त्याच टोपलीतून. आता इतक्या वरून भाजीवाला दिसतच नाही. समोरच्या खिडकीत फातेमा मावशी असायच्या, हात लांब केला की वाटी पोचायची. त्या आता दुसऱ्या मजल्यावर नाहीत, दुसऱ्या टप्प्यात आहेत, म्हणजे अजून यायच्यात. तुम्ही लोक फोटो टाकता ना, ते मी त्यांना पाठवते.

---

डोंगरीकर

तस्नीमताई, हे आधी का नाही लिहिलंत! मराठी आमच्यापेक्षा बरी आहे. मावशींची इमारत कुठल्या बाजूला येणार ते कळलं तर तिथले फोटो मी मुद्दाम काढेन.

---

हार्डवेअर_भाचा

घरांचं झालं. दुकानांचं कोणी बोलत नाही. माझ्या मामाचं भेंडी बाजाराजवळ ठोक हार्डवेअरचं दुकान, बिजागऱ्या, कड्या, साखळ्या. त्यामुळे ऐकून माहीत आहे.

तिथली जुनी इमारत आधीपासूनच ‘मिक्स्ड यूज’ होती हो, फक्त कोणी तसं म्हणत नव्हतं. खाली दुकान, पोटमाळ्यावर माल, पहिल्या मजल्यावर कारागीर पॉलिश करतोय, वर मालकाचंच घर. जेवायला दुपारी जिना चढायचा. माल हातगाडीवर येणार, गाडी फुटपाथवर लागणार, निम्मा धंदा दुकानाच्या पायरीवर होणार. मामाचं दुकान कागदावर शंभर फूट असेल, वापरात तीनशे.

नव्या इमारतीत चौरस फूट मिळतील, पण पायरी मिळेल का? रस्त्यालगतचं तोंड मिळेल का? दुकानदाराला मागचे पन्नास फूट कमी दिलेत तरी चालतं, पुढचे पाच फूट हवेत. आतल्या बाजूला किंवा वरच्या मजल्यावर चकचकीत गाळा दिलात तर ठोक धंद्याचं गिऱ्हाईक तिथवर येत नाही. त्याला टेम्पो उभा करून दहा मिनिटांत निघायचं असतं.

आणि दुकान दोन-पाच वर्षं दुसरीकडे हलवलं की गिऱ्हाईक दुसऱ्याची वाट शिकतं. घर हलवलं तर कुटुंब तेच राहतं, दुकान हलवलं तर धंदा तोच राहत नाही. म्हणून तुम्हाला जी शेवटची उभी इमारत दिसते ना, तिच्या तळमजल्याकडे बघा. बहुतेक वेळा वरचे मजले कधीच रिकामे झालेले असतात, खाली शटर चालू असतं.

---

सळई_सिमेंट

हा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात कामाचा. वाखुसा (वाचनखूण साठवली).

---

उभा_छेद

वास्तुरचनेच्या बाजूने एक कटकट. ३३(९) मध्ये चटईक्षेत्र चारपर्यंत, म्हणजे जमिनीच्या चौपट बांधकामापर्यंत जातं. आधीच जिथे मुंगीला जागा नाही तिथे सगळ्यांना परत तिथेच ठेवायचं, वर विक्रीची इमारतही हवी (खर्च कुठून निघणार?), म्हणजे उंच जाण्यावाचून गत्यंतर नाही. मला प्रश्न मनोऱ्यांमधल्या अंतराचा आहे. खालच्या मजल्यांना ऊन किती तास? तस्नीमताई वर राहतात, त्यांना समुद्राची हवा. दहाव्या मजल्यावरच्याला विचारा.

आणि नक्षीदार लाकडी सज्जे गेले ते गेलेच. त्यांचं नीट मोजमाप घेऊन रेखाटनं तरी ठेवायला हवीत, इतकंच म्हणणं.

---

तस्नीम_माझगाव_रिटर्न

दादा, त्या नक्षीदार सज्ज्याखालून जाताना आम्ही डोकं धरून पळायचो. रेखाटनं जरूर ठेवा.

---

सूरसाधक

अवांतर: भेंडी बाजार म्हटलं की मला घराणं आठवतं. छज्जू खाँ, नझीर खाँ, खादिम हुसेन खाँ हे तिघे भाऊ उत्तरेतून येऊन इथे राहिले, म्हणून घराण्याला वस्तीचं नाव पडलं. आपल्या गोव्याच्या अंजनीबाई मालपेकर नझीर खाँसाहेबांच्या शिष्या. लताबाईही अमान अली खाँसाहेबांकडे शिकल्या. नव्या चौकात एखादा फलक लागला तर बरं होईल.

---

मिसळ_आणि_मसाला

अति अवांतर: नळी निहारी कुठे हलली? कोणी सांगेल का?

---

संपादक

निहारीसाठी खाऊगल्लीचा धागा आहे, तिथे जा. दाऊदवरचे आणखी तीन प्रतिसाद उडवले आहेत. धागा चांगला चाललाय, तसाच चालू द्या.

---

उमरखाडी_ते_एडिसन

नमस्कार. उमरखाडीत वाढलो, वीस-बावीस वर्षं न्यू जर्सीत. इथे नदीपलीकडे मॅनहॅटनला हडसन यार्ड्‌स उभं राहिलं ते बघत होतो. रेल्वेच्या रुळांवर छत घालून वर टॉवर, २०१९ ला पहिला भाग खुला झाला. तिथे कोणाला उठवायचं नव्हतं, खाली नुसते रूळ. भेंडी बाजारात प्रत्येक चौरस फुटावर माणूस, त्यामुळे तुलनाच नाही.

प्रश्न असा, मी इथे बसून अधिकृत माहिती कुठे बघू? महारेराच्या (गृहप्रकल्पांच्या नियामकाच्या) साइटवर शोधलं तर भलतंच काहीतरी येतं.

---

सळई_सिमेंट

महारेरावर पुनर्वसनाची इमारत शोधू नका. जे घर विकायचं नाही त्याला तिथे नोंदणी लागत नाही. फक्त विक्रीच्या इमारती नोंदवतात, त्यांचा दर तिमाहीचा अहवाल तिथे सापडतो. लोक इथेच गंडतात, महारेरावर नाव नाही म्हणजे घोटाळा असं समजून मोकळे होतात.

तुम्ही बघायचं ते असं. पर्यावरण मंजुरी मिळालेल्या प्रकल्पाला दर सहा महिन्यांनी अनुपालन अहवाल द्यावा लागतो, तो पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ साइटवर शोधा. भाषा रूक्ष, पण बांधकाम कुठवर आलं ते त्यात लिहावं लागतं. महापालिकेकडून आधी जोत्यापर्यंतचं प्रारंभ प्रमाणपत्र मिळतं, जोतं तपासून झालं की पुढच्या मजल्यांचं, आणि शेवटी ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र. ओसी आली की लोक आत. बाकी गूगल अर्थवर जुन्या तारखांची उपग्रहचित्रं सरकवून बघा, एकेक कौलारू चौकोन कसा पुसला जातो ते स्पष्ट दिसतं. गल्ली ओळखता येत असेल तर पुलावरूनही एवढं कळत नाही.

---

पुलावरचा_प्रवासी

सळईदादा, एक शंका. स्लॅब किती दिवसांत व्हायला हवी? एका मनोऱ्याचा मजला पटकन वर गेला, मग ढिम्म.

---

सळई_सिमेंट

ॲल्युमिनियमच्या साच्यात सगळे मजले एकसारखे असले की आठ-दहा दिवसांत एक मजला निघतो, कधी त्याहून लवकर. पण खालचे दुकानांचे मजले एकसारखे नसतात. दुकानाला रुंद मोकळी जागा हवी, घराला जवळजवळ भिंती हव्यात. वरच्या भिंतींचं ओझं खालच्या मोजक्या खांबांवर आणायला मध्ये एक जाडजूड मजला घालतात, ट्रान्सफर म्हणतात त्याला. तो सळयांनी इतका गच्च भरलेला असतो की व्हायब्रेटरची नळी घालायला जागा शोधावी लागते. त्याला महिना-दोन महिने लागले तर घाबरू नका.

शिवाय काँक्रीट येतं कधी? दिवसा जड वाहनांना बंदी, म्हणजे मिक्सर रात्री. निघाल्यापासून दोन-अडीच तासांत ओतायला हवं. मधे लग्नाची वरात लागली की सुपरवायझरचा जीव टांगणीला. रमजानमध्ये तर मोहम्मद अली रोड रात्रभर जागा असतो. तिथल्या सुपरवायझरला भेटून विचारायचंय, त्या महिन्यात गाड्या कुठून आणतोस बाबा.

---

गिरगावकर_काका

मी परवा मुद्दाम जाऊन आलो. तस्नीमबाईंच्या मनोऱ्याखाली उभा राहून वर बघितलं, टोपी पडली. खाली दुकानाची शटरं उघडी, आत माल. एक गृहस्थ रस्त्यावर खुर्ची टाकून बसले होते, त्यांना विचारलं, जुनं दुकान बरं का नवं? म्हणाले, ‘जुनं दुकान माझ्या बापाचं, नवं माझ्या नावावर आहे.’ आमच्या चाळीतल्या लोकांना घेऊन पुन्हा जाणार आहे. काही म्हणा, परत आलेला भाडेकरू मी पहिल्यांदा पाहिला.

बाकी शंका कायम. उरलेले कधी येतात ते बघू.

---

हार्डवेअर_भाचा

काका, जाल तेव्हा मामाच्या दुकानी चहाला या. अजून जुन्याच जागी आहे, हद्दीच्या एका गल्लीबाहेर. मामा रोज म्हणतो, बरं झालं हद्दीबाहेर आहे, आणि रोज म्हणतो, आपलं कधी होणार.

---

डोंगरीकर

आजचा अहवाल. ती काच अजून शाबूत आहे. इमारत मात्र रिकामी होतेय. वरच्या मजल्यावरून कपाट दोरीने खाली उतरवत होते, सगळी गल्ली ‘सांभाळ, सांभाळ’ करत उभी. चावीवाल्याने सध्या समोरच्या फुटपाथवर पेटी मांडली आहे, नव्या इमारतीत त्याला जागा आहे का ते त्यालाही ठाऊक नाही, कारण तो भाडेकरूच नव्हता, जिन्याखाली बसायचा. अशा लोकांची नियमावलीत काही सोय असते का? जाणकार?

---

पागडीत_अडकलेली

माझ्या माहितीत नाही. पण त्याच्याकडे परवाना असेल तर फेरीवाल्यांच्या कायद्यात, २०१४ च्या, काहीतरी पकड मिळेल. विचारा त्याला, महापालिकेची पावती आहे का म्हणून.

---

डोंगरीकर

उद्या विचारतो.